घरासाठीं नवी मोटार : पारख कशी करावी?

(लेखक : एक सेवानिवृत्त शिक्षक)

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यांत मोठ्या रकमेचे व्यवहार मोजकेच असतात. राहतें घर, मुलांचें उच्च शिक्षण, लग्नकार्य, आणि अलीकडे मोटार. यांपैकीं पहिल्या तिहींसंबंधीं आपल्या घराण्यांतून पिढीजात शहाणपण चालत आलेलें आहे. घराचे कागद वकिलास दाखवावे, स्थळाची चौकशी चार ठिकाणीं करावी, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र तसें शहाणपण अद्याप मुरलेलें दिसत नाहीं. दहापंधरा लाखांची वस्तु आपण रंग, झळाळी आणि विक्रेत्याचें गोड बोलणें यांवर पसंत करतों, व पुढें दहा वर्षें ती निवड साऱ्या कुटुंबास सोसावी लागते. शिवाय येथें केवळ पैसाच गुंतलेला नसतो. आजोबांपासून नातवंडांपर्यंत घरांतील सर्वांचे जीव एकाच वेळीं त्या चार चाकांवर असतात. म्हणून मध्यम आकाराची नवी सेडान मोटार घ्यावयाची झाल्यास तिची विश्वसनीयता कशी पारखावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत योजिला आहे.

सेडान म्हणजे काय?

‘सेडान’ हा शब्द मोटारीहून जुना आहे. सतराव्या शतकांत इंग्लंडमध्यें दोन भोयांनीं दांड्यांवर वाहून नेण्याच्या बंदिस्त खुर्चीस हें नांव होतें. म्हणजे आपल्याकडील मेण्याचीच ती भावंड म्हणावयाची. मोटारींत या नांवाचा अर्थ असा कीं, पुढें एंजिन, मध्यें माणसें व मागें सामानाची स्वतंत्र डिकी, असे तीन भाग जिचे निरनिराळे दिसतात, ती सेडान.

आमच्या पिढीच्या बाळपणीं निवडीचा प्रश्न फारसा नव्हताच. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी फियाट, जी पुढें प्रीमियर पद्मिनी झाली, ती किंवा बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसडर, एवढीच निवड. त्याहि नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहिल्यावर मिळत. 1983 च्या डिसेंबरांत मारुती आली आणि 1998 च्या जानेवारींत होंडा सिटी आली. त्यानंतर मध्यम सेडान ही सुशिक्षित कुटुंबाच्या प्रतिष्ठेची गाडी झाली.

आज या वर्गास दोन बाजूंनीं ओहोटी लागली आहे. एका बाजूस उंच बांध्याच्या एसयूव्ही गाड्यांची आवड वाढली. दुसऱ्या बाजूस करांची रचना आडवी आली. 2006 च्या अर्थसंकल्पांत चार मीटरांहून कमी लांबीच्या व लहान एंजिनाच्या गाड्यांस उत्पादनशुल्कांत सवलत मिळाली, आणि तेव्हांपासून डिकी आंखूड करून चार मीटरांत बसविलेल्या छोट्या सेडान निघूं लागल्या. 22 सप्टेंबर 2025 पासून तर पेट्रोलवरील अशा लहान गाडीवर 18 टक्के आणि तिच्याहून मोठीवर 40 टक्के जीएसटी आहे. ज्यांना पांच माणसें क्वचितच न्यावयाचीं असतात, त्यांनीं डिझायर किंवा अमेझसारखी छोटी सेडान घेऊन पैसे वांचवावे, हें आधींच सांगून ठेवतों.

मध्यम वर्गांत होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या चार गाड्या प्रमुख आहेत. यांतील शेवटच्या दोन आपल्या पुणें जिल्ह्यांत चाकण येथें तयार होतात व अंतर्यामीं जवळजवळ जुळ्या बहिणी आहेत. टोयोटा यारिस 2021 मध्यें व मारुती सियाझ 2025 मध्यें बंद झाली, म्हणून नव्या खरेदीच्या विचारांत त्या येत नाहींत. डिझेलची वाट पाहणाऱ्यांनींहि ती सोडावी; 2023 च्या एप्रिलपासून धुराचे नियम अधिक कडक झाले आणि या वर्गांतून डिझेल एंजिन गेलें.

आधीं घर पाहावें, मग गाडी

गाडीची परीक्षा घेण्यापूर्वीं आपल्या घराची परीक्षा घ्यावी. पहिला प्रश्न गुडघ्यांचा. सेडानचें आसन जमिनीपासून सखल असतें. बसतांना आंत उतरावें लागतें व बाहेर पडतांना वर उठावें लागतें. घरांत गुडघेदुखीचे वडीलधारे असतील तर त्यांना शोरूममध्यें नेऊन स्वतः तीनदां बसवून उठवावें. तिसऱ्या वेळीं त्यांनीं दाराला धरून उसासा टाकला, तर सेडानचा विचार तेथेंच सोडावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. ज्यांच्या सोईसाठीं गाडी घ्यावयाची, त्यांनाच ती नकोशी झाली तर ती घेऊन काय साधलें?

दुसरा प्रश्न दाराचा. या गाड्या सुमारें साडेचार मीटर लांब व, बाजूचे आरसे सोडून, पावणेदोन मीटर रुंद आहेत. जुन्या वाड्याचें किंवा सोसायटीचें फाटक टेपनें मोजावें, आणि गाडी लावल्यावर तिचें दार उघडून माणूस उतरूं शकेल एवढी जागा उरते कीं नाहीं, तेंहि पाहावें. तिसरा प्रश्न रस्त्याचा. स्लाव्हिया व व्हर्टस यांची पोटाखालची मोकळीक 179 मिलीमीटर सांगतात. पण ती रिकाम्या गाडीची. पांच माणसें व कोंकणांत न्यावयाचें सामान भरल्यावर कोणतीहि सेडान खालीं बसते आणि गतिरोधकावर पोट घांसूं शकते.

चौथा प्रश्न चालकाचा, आणि तोच सर्वांत अधिक विसरला जातो. पसंती घरांतील कर्ते पुरुष करतात. रोज मुलांना शाळेंत, सासऱ्यांना दवाखान्यांत नेणारी पुष्कळ घरीं सून असते. जिच्या हातीं गाडी रोज राहणार, तिचें मत शेवटीं नव्हे तर प्रथम विचारावें.

विश्वसनीयता कशांत असते?

लोक म्हणतात, “अमुक कंपनीची गाडी भरंवशाची.” हें विधान अर्धवट आहे. भरंवसा नांवांत नसतो. तो तीन गोष्टींच्या मेळांत असतो : एंजिन व गिअरबॉक्स यांची विशिष्ट जोडी, घराजवळचें वर्कशॉप, आणि मालकाची स्वतःची शिस्त. एकाच नांवाच्या गाडींत तीन तऱ्हेचीं एंजिनें व गिअरबॉक्स असूं शकतात. त्यांतील एक जोडी पंधरा वर्षें निमूट चालेल आणि दुसरी सातव्या वर्षीं मोठा खर्च काढील. म्हणून नांव पसंत करण्यापूर्वीं जोडी पसंत करावी, हें या लेखाचें मुख्य सांगणें आहे.

एंजिनांचे दोन प्रकार येथें ध्यानांत घ्यावे. सिटीचें 1498 घन सेंटिमीटरचें व व्हर्नाचें साधें दीड लिटरचें एंजिन हीं चार सिलिंडरांचीं असून स्वाभाविक श्वासानें चालतात. त्यांत हवा आपोआप ओढली जाते आणि पेट्रोल सिलिंडरच्या दाराशीं फवारलें जातें. स्लाव्हिया-व्हर्टस यांचीं दोन्ही एंजिनें (एक लिटरचें तीन सिलिंडरांचें व दीड लिटरचें चार सिलिंडरांचें) आणि व्हर्नाचें जोरदार एंजिन हीं टर्बो आहेत. त्यांत धुराच्या जोरानें फिरणारा पंखा हवा दाबून आंत भरतो व पेट्रोल थेट सिलिंडरांत मोठ्या दाबानें फवारलें जातें. शक्ति पाहिली तर एक लिटरचें तें छोटें टर्बो एंजिन 115 अश्वशक्ति देतें आणि सिटीचें दीड लिटरचें 121. म्हणजे लहान एंजिनाकडून जवळजवळ मोठ्याचेंच काम करून घेतलें जातें.

यावरून टर्बो वाईट असें मात्र समजूं नये. घाटांत व महामार्गावर त्याची ओढ अतिशय सुखाची असते. पण त्याचा पंखा प्रचंड उष्णतेंत मिनिटाला लक्षावधि फेरे घेण्याइतक्या वेगानें फिरतो आणि त्याचें जीवन सर्वस्वीं तेलावर अवलंबून असतें. योग्य प्रतीचें तेल व वेळच्या वेळीं बदल, यांत कुचराई चालत नाहीं. थेट फवाऱ्याच्या एंजिनांत आंत येणाऱ्या हवेच्या झडपा पेट्रोलानें धुतल्या जात नाहींत, त्यामुळें त्यांवर कालांतरानें काजळी धरूं शकते. साध्या एंजिनांत बिघडण्यासारखे भागच कमी. जेथें भाग कमी तेथें तक्रार कमी, हा यंत्रशास्त्राचा जुना न्याय येथेंहि लागू आहे.

गिअरबॉक्सची गोष्ट याहून महत्त्वाची आहे; कारण महागडी दुरुस्ती पुष्कळदां तेथेंच निघते. हातानें गिअर बदलण्याची पद्धति सर्वांत सोपी. तिची क्लच प्लेट झिजते, पण ती बदलणारा मेकॅनिक तालुक्याच्या गांवींहि मिळतो. ऑटोमॅटिकचे तीन प्रकार या वर्गांत आढळतात. सिटी व व्हर्ना यांच्या साध्या एंजिनाबरोबर सीव्हीटी येते. तींत दोन पुल्यांचे व्यास कमीजास्त होऊन वेग सलग बदलतो; चालविण्यास मऊ, मात्र जोरांत पळविल्यास एंजिन घोंगावतें. स्लाव्हिया-व्हर्टसच्या एक लिटर एंजिनाबरोबर टॉर्क कन्व्हर्टर येतो. त्यांत तेलाच्या माध्यमांतून शक्ति पुढें जाते. ही पद्धति जुनी व कसोटीस उतरलेली आहे. त्यांच्या दीड लिटर एंजिनास व व्हर्नाच्या टर्बोस मात्र दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स असतो. तो विजेसारखा जलद आहे, परंतु या गाड्यांतील त्याचे क्लच कोरडे असतात. सकाळीं स्वारगेटच्या किंवा ठाण्याच्या कोंडींत गाडी हात-हात पुढें सरकते तेव्हां ते वारंवार घसरतात आणि तापतात. ज्यांचा रोजचा प्रवास अशा कोंडीचा आहे, त्यांनीं ही जोडी टाळावी, असें आम्ही स्पष्ट सांगतों.

आणखी एक नियम. कोणत्याहि यंत्राच्या आयुष्यांत तक्रारी आरंभीं अधिक, मध्यें कमी व शेवटीं पुन्हां अधिक, अशी चाल दिसते. नव्या रचनेच्या गाडीचे आरंभीचे दोष पहिल्या ग्राहकांच्या पदरीं पडतात. म्हणून नवें मॉडेल बाजारांत येऊन निदान एक वर्ष लोटल्याशिवाय त्याचा पहिला ग्राहक होण्याची हौस करूं नये.

प्रमाण कोणाचें मानावें?

आपल्या न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं चार साधनें सांगितलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द. मोटारीच्या निवडीस तीं चारहि उपयोगी पडतात.

प्रत्यक्ष म्हणजे स्वतः चालवून पाहणें. विक्रेता गुळगुळीत रस्त्यावर पांच मिनिटें फिरवून आणतो; तेवढ्यावर समाधान मानूं नये. मागें तीन मोठीं माणसें बसवावीं, एअर कंडिशनर लावावा, एखादा चढ, एखादा खड्ड्यांचा रस्ता आणि थोडी कोंडी, असा अर्धा तास मागून घ्यावा. मागच्या मधल्या आसनावर बसणाऱ्यास विचारावें कीं, पुण्याहून नागपूरपर्यंत असें बसवेल काय?

अनुमान म्हणजे कार्यावरून कारण ओळखणें. ज्या गाडीचे सुटे भाग घराजवळ मिळतात, जिचें वर्कशॉप दहा किलोमीटरांत आहे, तिची दुरुस्ती रखडणार नाहीं, हें अनुमान योग्य. उलट वर्कशॉप दुसऱ्या जिल्ह्यांत असेल तर उत्तम गाडीहि दारांत उभी राहील. सातारा, चिपळूण, लातूर अशा ठिकाणच्या वाचकांनीं हा मुद्दा पुण्यामुंबईकरांहून अधिक जपावा. कंपनी देशांत टिकेल काय, याचेंहि अनुमान बांधावें. जनरल मोटर्सचा कारखाना तळेगांवास होता; तरी 2017 अखेर त्या कंपनीनें भारतांतील विक्री बंद केली, आणि तिच्या गाड्यांची पुनर्विक्रीची किंमत कोसळली.

उपमान म्हणजे सादृश्यावरून ओळखणें. नवी गाडी पाहण्याऐवजीं तीच गाडी पांचसहा वर्षें वापरलेली कोठें आहे, तें शोधावें. तिचे बिजागर, आसनांचे कापड, डॅशबोर्डचा खडखडाट व सर्व्हिसिंगचीं बिलें पाहावीं. बिलांची ती फाईल शंभर जाहिरातींहून अधिक बोलते.

शब्द म्हणजे आप्ताचें वचन. पण आप्त कोण? ज्याला वस्तूचें यथार्थ ज्ञान आहे व जो तें जसेंच्या तसें सांगतो, तो. विक्रेत्याजवळ ज्ञान असेल, पण त्याचा स्वार्थ विक्रींत आहे. मेहुण्याजवळ सद्भाव असतो, पण ज्ञान असेलच असें नाहीं. दोन्ही गुण ज्याच्या ठायीं आहेत असा मनुष्य म्हणजे पांच वर्षें तीच गाडी वापरून तिचे हिशेब ठेवणारा ओळखीचा गृहस्थ, किंवा निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या रोज उघडणारा स्वतंत्र गॅरेजवाला. त्याला एकच प्रश्न विचारावा : “तुमच्याकडे ही गाडी कशासाठीं येते?” तेल बदलण्यासाठीं येते, कीं गिअरबॉक्स उघडण्यासाठीं, यांत सगळें उत्तर आलें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. एखाद्या कंपनीनें दोष आढळल्यावर गाड्या परत बोलाविल्या, म्हणजे ती बदनाम झाली असें नव्हे. होंडानें 2024 च्या ऑक्टोबरांत इंधनपंपासाठीं नव्वद हजारांहून अधिक जुन्या गाड्या बोलाविल्या व त्यांत सिटीहि होती. स्कोडा-फोक्सवॅगननें 2025 मध्यें मागच्या सीट-बेल्टच्या दोषासाठीं स्लाव्हिया, व्हर्टस व इतर गाड्या बोलाविल्या. दोष कबूल करून फुकट दुरुस्त करणारा कारखाना हा दोष झांकणाऱ्याहून बरा. आपल्या गाडीचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून अशी दुरुस्ती बाकी आहे काय, हें वर्षांतून एकदां पाहावें.

अपघाताच्या वेळची विश्वसनीयता

रोज निमूट चालणें हा एक भरंवसा; टक्कर झाल्यास माणसें वांचविणें हा दुसरा. पहिल्याची चर्चा घरोघरीं होते, दुसऱ्याची क्वचितच. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या परीक्षेंत स्लाव्हिया व व्हर्टस यांना 2023 च्या एप्रिलमध्यें आणि व्हर्नाला त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पांच तारे मिळाले. मोठ्यांसाठीं व मुलांसाठीं दोन्ही. परंतु केवळ तारे मोजून थांबूं नये, अहवाल वाचावा. स्लाव्हिया-व्हर्टस यांचा सांगाडा त्यांत स्थिर ठरला, तर व्हर्नाचा अस्थिर. म्हणजे तारे तेवढेच असूनहि, याहून मोठा आघात सोसण्याची ताकद सारखी नाहीं. सिटीच्या पांचव्या पिढीस आसियान देशांच्या संस्थेनें पांच तारे दिले आहेत. मात्र ती परीक्षा निराळी असल्यामुळें दोन्ही गुणपत्रिका शेजारीं ठेवून तुलना करणें योग्य होणार नाहीं. एका विद्यापीठाचे गुण दुसऱ्याशीं ताडूं नयेत, हें आम्हां शिक्षकांना सांगावयास नको.

आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पट्टा. 4 सप्टेंबर 2022 रोजीं पालघर जिल्ह्यांत उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यु झाला. ते मागील आसनावर होते, आणि त्यांनीं पट्टा बांधलेला नव्हता असें पोलिसांनीं सांगितलें. गाडी अतिशय महाग व भक्कम होती. मागें बसणाऱ्यांस पट्टा लागत नाहीं, ही समजूत आपल्या घरांतून अजून गेलेली नाहीं. गाडी पाहतांना मागच्या तिन्ही आसनांना खांद्यावरून येणारा पट्टा आहे काय, लहान मुलाची खुर्ची अडकविण्याचे आयसोफिक्स खुंटे आहेत काय, हें प्रथम पाहावें. छताची कांच उघडते काय, हें नंतर.

हिशेबाची वही

या वर्गांतील गाड्यांची शोरूम-किंमत 2025 च्या अखेरीस सुमारें दहा ते वीस लाखांच्या दरम्यान होती. त्यावर राज्याचा एकरकमी कर, पासिंगचा खर्च व विमा चढतो. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे; पण तो विक्रेत्याकडूनच घ्यावा अशी सक्ति नाहीं. दोनतीन ठिकाणचे दर मागवून मग घासाघीस करावी. दहा लाखांवरील गाडीवर एक टक्का रक्कम आयकरापोटीं आगाऊ कापली जाते, ती विवरणपत्र भरतांना वजा मिळते. पुष्कळजण ती विसरतात. ‘हँडलिंग’ वगैरे नांवांनीं जे आंकडे दिसतात, त्यांबद्दल काय मिळतें तें लेखी विचारावें. लेखी उत्तर न मिळाल्यास ती रक्कम देण्याचें कारण नाहीं.

कर्ज काढावयाचें तर मुदतीचा मोह आवरावा. दहा लाख रुपये 9 टक्क्यांनीं पांच वर्षांसाठीं घेतले तर मासिक हप्ता सुमारें 20,758 रुपये येतो व एकूण व्याज सुमारें 2 लाख 45 हजार. तेंच सात वर्षांसाठीं घेतलें तर हप्ता 16,089 वर उतरतो, पण व्याज 3 लाख 51 हजारांवर जातें. हप्ता हलका वाटतो. ओझें मात्र लाखानें वाढतें.

पेट्रोलचा हिशेबहि असाच करावा. वर्षाला 10,000 किलोमीटर प्रवास व लिटरास 100 रुपये धरूं. लिटरला 14 किलोमीटर देणारी गाडी सुमारें 71,400 रुपयांचें पेट्रोल पिते, 17 देणारी 58,800 चें, व 22 देणारी संकरित म्हणजे हायब्रिड गाडी 45,500 चें. साध्या गाडीहून हायब्रिडसाठीं चार लाख अधिक मोजावे लागत असतील, तर वर्षाला 26 हजार वांचूनहि ते फिटण्यास पंधरा वर्षें लागतील. सिटीची हायब्रिड आवृत्ति 2022 मध्यें आली. यंत्र उत्तम आहे, पण तें वर्षाला पंचवीसतीस हजार किलोमीटर फिरणाऱ्यांसाठीं. आमच्यासारख्या निवृत्तांस तें परवडणारें पुण्य नव्हे.

महागड्या व मधल्या आवृत्तींत पुष्कळदां दोनतीन लाखांचें अंतर असतें. एंजिन तेंच, सांगाडा तोच. वाढतात ते पडदे, दिवे आणि आसनांचें चामडें. तेवढ्या पैशांत वाढीव वॉरंटी, पांच वर्षांचें सर्व्हिसिंग व एक टायरांचा संच येऊन शिल्लक उरेल. कुटुंबास सुख कशांत अधिक, हें सांगणें न लगे.

ताबा घेतांना

पासिंग होण्यापूर्वीं गाडी दिवसाच्या उजेडांत नीट पाहावी. एकदां आपल्या नांवावर नोंद झाली कीं ती नाकारणें कठीण. आमच्या परिचयांतील एका गृहस्थांस जानेवारींत ‘नवी’ म्हणून मिळालेली गाडी मागल्या वर्षींच्या मध्यांत तयार झालेली होती. विकतांना वय कारखान्याच्या तारखेपासून मोजलें जातें हें त्यांस ठाऊक नव्हतें, आणि कागद त्यांनीं आठ दिवसांनीं वाचला. म्हणून फॉर्म 22 वर छापलेला निर्मितीचा महिना व वर्ष, तसेंच चेसिस व एंजिन नंबर गाडीवरील नंबरांशीं स्वतः ताडावे. टायरच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात : 3225 असेल तर तो 2025 सालच्या 32 व्या आठवड्यांतील टायर. पांचहि टायर, स्टेपनीसुद्धां, पाहावे. सर्व कांचा वरखालीं कराव्या, प्रत्येक दिवा लावावा, प्रत्येक पट्टा ओढून पाहावा. विक्रेता पेढे घेऊन घाई करील. पेढे घ्यावे, घाई घेऊं नये.

आणि गाडी घरीं आल्यावर माहितीपुस्तक वाचावें. पेट्रोलांत इथेनॉल किती चालतें, तेलाची प्रत कोणती, टायरांत हवा किती, हें सर्व त्यांत असतें. वर्षांत किलोमीटर थोडे झाले तरी तेल वर्षाला बदलावें. गाडीची एक वही करून तींत प्रत्येक खर्चाची तारीख लिहावी. विश्वसनीयतेचा तिसरा पाय मालकाची शिस्त, असें वर म्हटलें आहे, तो हाच.

निवाडा

आतां वाचक विचारतील कीं, शेवटीं घ्यावी कोणती? ज्या कुटुंबाचा वापर मुख्यतः शहरांतला, वर्षाला दहा हजार किलोमीटरांच्या आंतला, आणि ज्यांना एकच गाडी दहाबारा वर्षें ठेवावयाची आहे, त्यांनीं साध्या दीड लिटर एंजिनाची सिटी किंवा व्हर्ना घ्यावी. हातगिअरची अथवा सीव्हीटीची. या दोहोंत सुटे भाग व वर्कशॉप जिचें जवळ, ती पसंत करावी.

ज्यांचा प्रवास बहुतांशीं महामार्गाचा, मुलेंबाळें व वडीलधारे घेऊन कोल्हापूर, नाशिक, नागपूर असा, त्यांनीं सांगाड्याच्या बळास अधिक गुण द्यावे व स्लाव्हिया अथवा व्हर्टस घ्यावी. एक लिटर एंजिन आणि हातगिअर किंवा टॉर्क कन्व्हर्टर, एवढीच जोडी. वाढीव वॉरंटी घ्यावी आणि तेलाच्या बाबतींत काटकसर करूं नये. दीड लिटर टर्बो व दुहेरी क्लच यांची मौज तरुणांना खुणावते, तें साहजिक आहे. पण एकत्र कुटुंबाच्या एकुलत्या एक गाडीसाठीं ती जोडी आम्ही सुचविणार नाहीं.

साधेपणा व सांगाड्याचें बळ हे दोन्ही गुण एकाच गाडींत पूर्णपणें मिळते तर लेख लिहिण्याची गरजच पडली नसती. एक गुण रोज उपयोगी पडतो, दुसरा कदाचित् आयुष्यांत एकदांच. पैकीं कोणाला किती वजन द्यावयाचें, हें आपल्या घरचा रस्ता ठरवितो, शेजाऱ्याची गाडी नव्हे. रविवारीं दुपारीं जेवणें झाल्यावर सर्व कुटुंबानें एकत्र बसावें. वर्षाचे किलोमीटर, रोजचा रस्ता, आजींचे गुडघे, वर्कशॉपचें अंतर आणि परवडणारा हप्ता, या पांच गोष्टी एका कागदावर मांडाव्या, आणि तो कागद खिशांत घालून मगच शोरूमची पायरी चढावी.